सातव्या मजल्यावरचा धूर

माझं काम तसं सोपं होतं. मुलाच्या हातात प्लास्टिकची एक नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला सांगायचा आणि मग एका दमात जोरात फुंकायला लावायचं. नळीवर एक लाल काटा असतो. फुंकर जितकी जोरकस, तितका तो पुढे सरकतो. तीनदा फुंकायचं आणि त्यातला मोठ्यात मोठा आकडा लिहून घ्यायचा. वीस वर्षं नर्सची नोकरी केल्यावर उलानबातरमध्ये मी हे काम चार हिवाळे केलं.

यादीत दोनशे मुलं होती. शंभर डोंगरउतारावर गेरमध्ये राहणारी, म्हणजे नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या गोल घरात, जिथे मधोमध कोळशाची लोखंडी चूल आणि छतातून वर गेलेलं धुराडं असतं. उरलेली शंभर खालच्या शहरात, फ्लॅटमध्ये. फ्लॅटमध्ये चूल नसते, नळांतून गरम पाणी फिरतं आणि भिंतीला लावलेल्या पाट्या तापतात. घराच्या या फरकानं छातीत किती फरक पडतो, ते आमच्या डॉक्टरांना आकड्यांत हवं होतं.

माझ्याकडे दुसरंही एक यंत्र होतं, जेवणाच्या डब्याएवढं. ते आठवडाभर घरात ठेवून द्यायचं. दर दहा मिनिटांनी ते हवेतली बारीक काजळी मोजतं. ऑफिसात आणून संगणकाला जोडलं की कागदावर रेघ निघते. गेरची रेघ दिवसातून दोनदा डोंगरासारखी वर चढते, सकाळी साडेसहाला चूल पेटते तेव्हा आणि संध्याकाळी पाचला पुन्हा पेटते तेव्हा. फ्लॅटची रेघ बुटकी असते, दिवसभर जवळजवळ सारखीच. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत मी कागदावरचं नाव न वाचता सांगू शकत होते, रेघ गोल घरातली आहे की चौकोनी घरातली.

बादराल आणि मुंगुन यांचं गेर चिंगेलतेई डोंगराच्या अगदी वरच्या अंगाला होतं. बादराल सीमेवरून माल आणणारा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. मुंगुन घरी शिवणकाम करायची. त्यांना दोन मुली, सहा वर्षांची एनेरेल आणि चार वर्षांची सोलोंगो. सोलोंगो लहान म्हणून यादीत नव्हती. एनेरेल होती.

सप्टेंबरमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा एनेरेलनं तीनदा फुंकलं आणि नळी डोळ्यांजवळ नेऊन नीट तपासली.

"मावशी, तुमचा काटा आळशी आहे. मी एवढं फुंकलं आणि बघा तो कुठे बसलाय."

"काटा नाही गं आळशी. तू श्वास अर्धाच घेतलास."

"अर्धाच होता आत," ती म्हणाली.

मुंगुन हसली, मीही हसले. आकडा दीडशे होता, तिच्या उंचीला थोडा कमीच. ऑक्टोबरमध्ये एकशे चाळीस झाला. तोवर तिला खोकला लागला होता. तीन छोटे ठसके, मग जरा थांबून आणखी एक, कोणीतरी दार वाजवावं, वाट बघावी आणि परत वाजवावं तसे. शेजारच्या बाल्जिन आजी कुंपणापलीकडून म्हणायच्या, "आली बघा फुंकरवाली. या म्हातारीची पण मोजून जा की एखादी. का म्हाताऱ्यांच्या श्वासाला भाव नाही?"

त्या दिवशी मुंगुन मला सोडायला फाटकापर्यंत आली. खाली शहर दिसत नव्हतं, धुराच्या वर वीजकेंद्राच्या चिमण्यांची टोकं तेवढी दिसत होती.

"डोल्गोरताई, एक विचारू? फ्लॅट नोव्हेंबरमध्ये मिळणार आहे. सासऱ्यांची सगळी मेंढरं विकून नंबर लावलाय आम्ही. पण तोवर हिला माझ्या आईकडे पाठवू का? तिकडे गवताळ रानात काही नाही, पण हवा आहे."

मी विचार केला. तिची आई चारशे किलोमीटर लांब. हिवाळ्यात बर्फ पडलं की रस्ता बंद. डॉक्टर नाही, औषध नाही, आणि मुलीची शाळा नुकतीच सुरू झालेली. मी म्हणाले, "एका महिन्यासाठी कशाला? तोवर काढेल ती. मी आहे ना. दर पंधरवड्याला येते."

हे माझं वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यातला एकही शब्द मी विसरलेले नाही.

नोव्हेंबरमध्ये फ्लॅट मिळाला नाही. इमारत उभी होती पण गरम पाण्याची जोडणी राहिली होती. एनेरेलचा आकडा एकशे वीस. पाच डिसेंबरला पंच्याण्णव. मी स्वतः तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या व्हरांड्यात जमिनीवर गाद्या टाकून मुलं झोपवली होती, प्रत्येक गादीवर दोन. त्यांनी औषधं लिहून दिली आणि घरी न्यायला सांगितलं. बारा डिसेंबरला संध्याकाळी सहाच्या सुमारास तिचे ओठ निळे पडले. बादराल तेव्हा सीमेवर होता. बाल्जिन आजींच्या जावयानं गाडी काढली. चौदा तारखेला पहाटे ती गेली.

माझा डबा त्या आठवड्यात त्यांच्या गेरमध्येच होता. महिन्याभरानं तो परत आणला आणि रेघ काढली. बारा तारखेला पाचला चूल पेटलेली दिसते. सहाला दहा मिनिटं असताना दार उघडलं असणार, रेघ एकदम कोसळते. पुढचे दिवस सपाट. घरात कोणी नव्हतं.

फेब्रुवारीत फ्लॅट मिळाला.

पुढच्या सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी घर बदललेल्या कुटुंबांची वेगळी यादी केली. त्यात सोलोंगोचं नाव होतं, ती आता पाच वर्षांची होती. त्या घरी दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, असं मी म्हणून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "मूल तुम्हाला ओळखतं. अनोळखी माणसापुढे फुंकणार नाही."

फ्लॅट यार्मागमध्ये होता, नदीच्या बाजूला, सातव्या मजल्यावर. जिन्यात अजून ओल्या सिमेंटचा वास होता. दोन खोल्या, पांढऱ्या भिंती, उत्तरेला मोठी खिडकी. त्या खिडकीतून लांबवर डोंगरउतार दिसायचा आणि त्यावर अंथरल्यासारखा राखाडी धूर. मुंगुननं शिलाई मशीन बरोबर त्या खिडकीपाशी मांडलं होतं. भिंतीवर एनेरेलचा फोटो नव्हता.

मुंगुननं मला खारा दुधाचा चहा दिला, दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे. सोलोंगोनं फुंकलं. दीडशे.

"चांगला आहे," मी म्हणाले.

"असणारच," मुंगुन म्हणाली. "वेळेवर आलो ना आम्ही."

मी चहा संपवला. ऑक्टोबरमध्ये गेले तेव्हा आकडा एकशे चाळीस होता. मुलाला सर्दी असली की दहानं उतरतो, त्यात विशेष काही नाही. नोव्हेंबर लागताच मी कपाटावर डबा ठेवून आले आणि आठवड्यानं घेऊन आले.

रेघ काढली आणि मला वाटलं, डबे बदलले. कागदावर दोन डोंगर होते, रोज, साडेसहाला आणि पाचला.

मी डब्यामागचा नंबर तपासला. डबा तोच होता. दुसरा डबा घेऊन गेले, तो त्यांच्याकडे ठेवला आणि पहिला शेजारच्या फ्लॅटमध्ये. शेजारच्यांची रेघ सपाट आली, त्यांची पुन्हा डोंगरांची. मुंगुनला विचारलं, सकाळी साडेसहाला काय करतेस? ती म्हणाली, झोपलेली असते. घरात विजेची शेगडी होती. धूप जाळत नव्हते, बादराल घरात सिगारेट ओढत नव्हता. खाली तळघरात काही जळतं का, तेही मी पाहून आले. तळघरात पाण्याचे नळ होते आणि एक मांजर.

डॉक्टरांना कागद दाखवला. ते म्हणाले, "ही गेरची रेघ आहे. तुम्ही चुकून गेल्या वर्षीचा कागद आणलात."

म्हणून मी गेल्या वर्षीचा कागद काढला. चूक माझीच आहे, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर उन्हाकडे धरले.

दोन हिवाळ्यांचा धूर सारखा नसतो. वारा वेगळा, कोळसा वेगळा, चूल पेटवणाऱ्याचा हात रोज वेगळा. गेल्या वर्षी आठ नोव्हेंबरला सकाळी मुंगुनचं सरपण ओलं असावं, कारण रेघ चढताना दोनदा तुटली होती. वरच्या कागदावरही आठ नोव्हेंबर होती आणि रेघ दोनदा तुटली होती. मी तेरा दिवस तपासले. दोन रेघांच्या मधून कुठे उजेड आला नाही.

कागद मी फाइलमध्ये ठेवले आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले.

नोव्हेंबरअखेर सोलोंगोनं एकशे वीस फुंकलं.

मी तिला त्याच दिवशी तपासायला नेलं. छातीचा फोटो स्वच्छ आला. रक्त ठीक. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून दोनदा ऐकलं आणि म्हणाले की फुफ्फुसात काही नाही, कदाचित मूल नीट फुंकत नसेल, दुःखी घरातली मुलं असं करतात. परतताना टॅक्सीत सोलोंगोनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. ती खोकत होती. तीन छोटे, मग थांबून एक.

"कधीपासून खोकतेस गं अशी?" मी विचारलं.

"मी मुद्दाम नाही शिकले," ती म्हणाली. "ऐकून ऐकून आला."

पाच डिसेंबरला पंच्याण्णव.

माझं शिक्षण विज्ञानाचं आहे. माझी आई लहान मुलाला संध्याकाळी बाहेर नेताना त्याच्या नाकावर चुलीतली काजळी लावायची, वाईट काही त्याला सशाचं पिल्लू समजून सोडून देईल म्हणून. मी तिला हसायचे. पण त्या आठवड्यात मी गेल्या वर्षीच्या कागदावरची बारा तारीख रोज काढून बघत होते.

बादरालला फोन केला, तो सीमेवर अडकला होता. म्हणाला, "ताई, माझ्या बहिणीकडे न्या दोघींना. मला त्या घरात झोप लागत नाही, खरं सांगतो. सकाळी उठलो की जिभेवर कोळसा असतो. मुंगुनला म्हणालो तर म्हणते, ट्रकच्या धुरात राहून तुझी जीभ सडली." मुंगुनला फोन केला. ती म्हणाली, "रविवारी नेते." सोमवारी पुन्हा केला. तिनं उचलला नाही. मंगळवारी बारा तारीख होती. दुपारी चारला मी यार्मागला गेले.

दार मुंगुननं उघडलं. घर नीटनेटकं होतं. सोलोंगो समोर पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, कारण आडवं होता येत नव्हतं. खांदे वरखाली होत होते. मी तिचा श्वास मोजला, मिनिटाला अठ्ठेचाळीस. मी रुग्णवाहिकेला फोन केला. ते म्हणाले, हिवाळा आहे, दीड तास तरी लागेल. टॅक्सीसाठी तीन ठिकाणी फोन केले. कोणाकडे गाडी नव्हती.

तेव्हा माझं लक्ष खिडकीकडे गेलं. फटीफटीत कापसाच्या वळ्या कोंबून वरून रुंद चिकटपट्टी मारलेली होती. इथे हिवाळ्यात सगळेच असं करतात. पण स्वयंपाकघरातली हवेची जाळीही बंद होती. न्हाणीघरातलीही. बाहेरच्या दाराच्या उंबऱ्याशी नमद्याची जाड पट्टी ठोकलेली होती, आतून.

"थंडी येते?" मी विचारलं.

"नाही," मुंगुन म्हणाली.

पाचला पाच मिनिटं होती. बाहेर उजेड तांबूस होत चालला होता. सोलोंगोच्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

मग वास आला.

आधी ओल्या लाकडाचा, मग कोळशाचा. त्यामागून मेंढीच्या चरबीचा, गरम होत चाललेल्या नमद्याचा. मी अशाच घरात जन्मले, मला हा वास कोणी शिकवायला नको. डोळे चुरचुरले. छतापाशी, दिव्याच्या भोवती, हवा किंचित निळी झाली.

मुंगुन माझ्याकडे बघत होती.

"तुम्हालाही येतो," ती म्हणाली. तिचा चेहरा क्षणभर खुलला. वर्षभरात मी तिला असं पाहिलं नव्हतं. "बादरालला सांगितलं नाही. सोलोंगोला येतो. मला वाटलं, फक्त आम्हा दोघींनाच."

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून. पहिल्यांदा अगदी थोडा यायचा, आला की फटीतून निघून जायचा. मी फटी बुजवल्या. मग राहायला लागला." ती थांबली. "तो आला की ती येते, ताई. रोज. सकाळी आणि संध्याकाळी. दाराच्या उजव्या हाताला, तिचा पलंग असायचा तिथे."

मी त्या बाजूला पाहिलं. भिंत होती, भिंतीपाशी चपला होत्या. दुसरं काही नव्हतं.

सोलोंगो खोकली. तीन, मग एक.

चपलांपाशी, माझ्या कमरेएवढ्या उंचीवरून, कोणीतरी तसंच खोकलं.

मी पाय मागे घेतला. मुंगुन हलली नाही. ती त्या बाजूला तोंड करून उभी होती, ओंजळ किंचित पुढे केलेली, लहान मूल चालायला लागतं तेव्हा आई धरते तशी.

"मुंगुन," मी म्हणाले, "खिडकी उघड."

"नाही."

"आज बारा तारीख आहे."

"मला माहीत आहे आज काय आहे ते."

"सहाला दहा कमी असताना काय होतं, तेही माहीत आहे तुला. माझ्याकडे कागद आहे. त्याच्यापुढे काही नाही. सपाट आहे."

"उघडली तर ती जाईल."

"नाही उघडलीस तर ही जाईल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग होता, मी वर्षभर ज्याची वाट पाहिली तो राग. "तुम्ही सांगताय?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही? तोवर काढेल ती, म्हणाला होता ना?"

"म्हणाले होते."

"मी तिला पाठवणार होते. आईकडे. सामान बांधून ठेवलं होतं तिचं."

"मी चुकले," मी म्हणाले. हे बोलायला मला एक वर्ष लागलं होतं. "तेव्हा तू मला विचारलंस आणि मी चुकीचं सांगितलं. आज तू विचारलं नाहीस. तरी सांगते. हिला आत्ता हवा लागेल."

पाच वाजून वीस मिनिटं. खोली दाटली होती. सोलोंगोच्या ओठांचा रंग मला बघवत नव्हता.

मी खिडकीकडे निघाले. मुंगुन आडवी आली. तिनं मला ढकललं नाही, फक्त छातीवर हात ठेवून थांबवलं.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "मी."

तिनं नखांनी चिकटपट्टीचं टोक काढलं. पट्टी लांबलचक फाटत आली. दुसरी. तिसरी. कापसाच्या वळ्या तिनं एकेक करून ओढल्या. त्या काळ्या झाल्या होत्या, आतून.

मागे खोकला झाला. आता जवळ.

मुंगुन थांबली. गुडघ्यांवर बसली. रिकाम्या हवेत हात पसरले आणि मिटले. काहीतरी बोलली, बराच वेळ, कानात सांगावं तसं. मला ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

मग ती उठली आणि दोन्ही तावदानं सताड उघडली.

उणे अठ्ठावीस अंशांची हवा भिंतीसारखी आत आली. दिवा हलला. मी सोलोंगोला रजईत गुंडाळून खिडकीपाशी धरलं. तिनं तोंड उघडलं आणि श्वास घेतला, आत, आत, आणखी आत.

धूर आमच्या डोक्यांवरून बाहेर गेला. मी तो पाहिला. एक पातळ पट्टा सातव्या मजल्यावरून निघून सरळ उत्तरेकडे. वारा नव्हता.

बाहेर, खिडकीच्या पलीकडे, जिथे खाली सात मजले काही नाही, तिथून खोकला आला. तीन छोटे. आम्ही चौथ्याची वाट पाहिली.

तो फार लांबून आला.

रुग्णवाहिका साडेसहाला आली. सोलोंगो आठ दिवस दवाखान्यात होती, या वेळी तिला स्वतंत्र खाट मिळाली. एकविसाव्या दिवशी तिनं एकशे दहा फुंकलं, फेब्रुवारीत एकशे पन्नास, मार्चमध्ये एकशे पासष्ट. बादरालनं सीमेवरची नोकरी सोडून शहरातली बस चालवायला घेतली. पाच डिसेंबरला मी पुन्हा ठेवलेला डबा त्या दिवशी कपाटावरच होता, त्याची रेघही मी नंतर काढली. बारा डिसेंबरला पाच वाजून चाळीस मिनिटांनी कोसळते, गेल्या वर्षीपेक्षा दहा मिनिटं आधी. त्यानंतर फ्लॅटची रेघ फ्लॅटसारखी आहे. डॉक्टरांनी ते सगळे कागद 'यंत्राचा बिघाड' म्हणून बाजूला काढले आणि मी त्यावर सही केली.

मार्चच्या शेवटी मला कामासाठी चिंगेलतेईला वर जावं लागलं. जोरात बर्फ पडत होतं, मोठमोठ्या पाकळ्यांचं, वारा न लागता सरळ खाली येणारं. बाल्जिन आजींचं घर यादीत नव्हतं, पण त्यांनी कुंपणावरून हाक मारली.

"फुंकरवाली, ये गं इकडे. एक सांगायचंय. त्या मुंगुनला जरा समजाव."

"काय झालं?"

"रोज येते. चार वाजता बसनं येते, तासभर बसते, परत जाते पोरीला जेवायला घालायला. डिसेंबरपासून एक दिवस चुकवला नाही. गेर नाही, चूल नाही, मोकळ्या जमिनीवर बसते. मी चहा नेला तर म्हणते, आजी, हळू बोला. धुरानं छाती गेलीय तिची, खोकते बघ कशी. अगं, सगळे इथून बाहेर पडायला बघतात, आणि ही फ्लॅट सोडून धूर खायला येते."

मी फाटकातून आत गेले. त्यांचं गेर मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीतच काढलेलं होतं, जमिनीवर गोल खूण तेवढी राहिली होती आणि तीही बर्फाखाली गेली होती. आसपासच्या घरांत संध्याकाळच्या चुली पेटत होत्या. मुंगुन त्या गोलाच्या आत, दार असायचं त्याच्या उजव्या हाताला, पाठमोरी बसली होती. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. बाजूनं वळसा घालून पुढे गेले.

तिचे डोळे मिटलेले होते. ती हळूहळू डोलत होती. डोक्यावर, खांद्यांवर, पसरलेल्या पायांवर बोटभर बर्फ साचलं होतं. डाव्या बाहीवर साचलं होतं. उजवा हात तिनं वाकवून छातीशी धरला होता आणि त्या हाताच्या वळणात, कोटाच्या बटणांपासून कोपरापर्यंत, बर्फ नव्हतं. पाकळ्या तिथवर येत होत्या आणि थोड्या वरच, हवेतच, थांबून विरघळत होत्या.